तिरप्या रेघेआधी टाळ

पोस्टमनने पाकिटांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि विचारलं, "सी नावाचं गाव कुठं आलं, मामझेल?"

एकसष्ट पाकिटं होती. प्रत्येकावर नाव नीट छापलेलं, आणि पत्त्याच्या जागी फक्त एक रोमन अक्षर, सी. बाकी कोरं. पोस्टमन म्हणाला की बावीस वर्षं आपण या बेटावर टपाल वाटतोय, समुद्रापासून समुद्रापर्यंत सगळी गावं पायाखालची आहेत, पण हे सी काही लागलं नाही. एखाद्या साखर कारखान्याने नवीन वसवलं असेल तर आम्हालाही कळवा. मला हसू आवरेना. मी तेव्हा तेवीस वर्षांची होते आणि मला कशाचंही हसू यायचं.

शेजारच्या टेबलावर विद्यावतीदीदी बसायच्या. त्या हसल्या नाहीत. त्यांनी गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि एकेक पाकीट पाहत गेल्या. चाळीस-पन्नास पाकिटं झाल्यावर त्यांचा हात थांबला. त्या पाकिटावर नाव होतं कुंती नंदलाल. ती त्यांची आई.

ही १९८५ च्या जूनमधली गोष्ट. फिनिक्सला, बेटाच्या मध्यावरच्या गावी, एका कापडाच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमच्या नेत्रसेवा मंडळाचं कार्यालय होतं. दर ऑगस्टमध्ये परदेशातून डॉक्टर येत आणि तीन आठवडे म्हाताऱ्या माणसांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं करत. आदल्या वर्षी यादी हाताने लिहिली होती आणि तिच्यात मंडळाच्या सभासदांचे मामे, मेहुणे आणि सासरे भराभर घुसले होते. डॉक्टरांनी ते ओळखलं. या वर्षी त्यांनी दोन अटी घातल्या. तारखा मशीननेच द्यायच्या, माणसाने नाही. आणि म्हाताऱ्यांनी अंगठा उठवून दिलेल्या फॉर्मात जे लिहिलं असेल, त्यात कार्यालयाने एक टिंबही बदलायचं नाही.

म्हणून आमच्याकडे कॉम्प्युटर आला. कोणीतरी दान दिला होता. अध्यक्षांच्या बायकोने त्याला फुलाफुलांचं झाकण शिवलं होतं. त्याचा प्रोग्राम लिहिला सत्यदेवने. चोवीस वर्षांचा, नुकताच विलायतेहून शिकून आलेला, आणि मराठी फक्त समजणारा. बोलायची वेळ आली की तो क्रेओलमध्ये, बेटाच्या रोजच्या बोलीत, पळून जायचा. आम्ही दोघींनी फॉर्म टाइप करायचे. विद्यावतीदीदी सत्तेचाळीस वर्षांच्या, वीस वर्षं एका साखर कारखान्याच्या कचेरीत टायपिस्ट होत्या. कळांकडे न बघता टाइप करायच्या आणि एकही अक्षर चुकायचं नाही. मी चुकायचे. त्या माझी चूक न बोलता दुरुस्त करायच्या, मग मला चहा पाजायच्या.

दर रविवारी त्या बसने शमें ग्रेनिएला आईकडे जात. आई गाव सोडायला तयार नव्हती. सहा वर्षांपासून तिची नजर जात चालली होती. आता तर ती माणसं पावलांवरून ओळखायची. तिचा फॉर्म दीदींनी स्वतः भरला होता आणि स्वतःच टाइप केला होता. त्यामुळे आईला त्यांनी छातीठोकपणे सांगून टाकलं होतं की पत्र येणारच. म्हातारी दर रविवारी विचारायची. गावातल्या चिनी दुकानदाराकडे, मिस्ये लीकडे, रोज चौकशी करायची आणि मिस्ये ली रोज म्हणायचा, "पा कोने." म्हणजे, मला काय ठाऊक.

दक्षिणेकडच्या खेड्यांत घरांना नंबर नसतात. टपाल येतं ते चिनी माणसाच्या दुकानात, बुटीकात, आणि मग ज्याला जायचं असेल तो ते घेऊन जातो. म्हणून तिकडचा प्रत्येक जण पत्ता तसाच सांगतो. आधी सी, मग तिरपी रेघ, मग ओ, म्हणजे मार्फत, मग अमक्याचं बुटीक. ज्यांना पत्ता नाही त्यांचा हा पत्ता.

सत्यदेवला बोलावलं. त्याने पाकिटं पाहिली आणि त्याचे कान लाल झाले. चूक अगदी साधी होती. आम्ही एका ओळीत सगळं टाइप करायचो, नाव, वय, पत्ता, कोणता डोळा, आणि प्रत्येकामध्ये एक तिरपी रेघ. रेघ दिसली की मशीन समजायचं, एक गोष्ट संपली, आता पुढची. सी आला, रेघ आली, पत्ता संपला. पुढचं 'ओ, मिस्ये लीचं बुटीक' हे मशीनने डोळा म्हणून लिहून घेतलं. असा डोळा त्याला माहीत नव्हता, म्हणून तारीख दिली नाही. पण पत्र मात्र प्रामाणिकपणे छापलं. लोकांनी लिहिलेली रेघ त्याने आमचा हुकूम म्हणून पाळली होती.

अध्यक्ष राधाकृष्णबाबू निवृत्त शाळा-तपासनीस. त्यांना प्रत्येक गोष्टीचा निकाल त्याच दिवशी लावायची सवय होती. यादी शुक्रवारी दुपारी बाराला डॉक्टरांच्या माणसाकडे जाणार, ते म्हणाले, आज सोमवार. ज्यांचे पत्ते मशीनला पटत नाहीत, ते पुढच्या वर्षी. मग त्यांनी आवाज खाली आणून दीदींना बाजूला घेतलं. आईचा नवा फॉर्म करा, तुमचा फिनिक्सचा पत्ता घाला, मी सही करतो, असं ते म्हणाले. माणूस वाईट नव्हता. मनापासूनच बोलत होता.

दीदी उभ्याच होत्या. त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. 'हो' म्हणायचं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. आई चौऱ्याहत्तर वर्षांची होती, आणि त्या वयात पुढचं वर्ष म्हणजे काय, हे कोणी कोणाला समजावून सांगायला नको.

"आणि बाकीचे साठ?" त्यांनी विचारलं.

राधाकृष्णबाबू चष्मा पुसू लागले. दीदी परत जागेवर येऊन बसल्या. मला राग आला होता, त्यांचाच. मी म्हटलं, दीदी, आईचं तरी करून घ्या. त्या म्हणाल्या की आईला दिसायला लागल्यावर ती पहिलं विचारेल, शेजारच्या पुष्पावतीचं काय झालं. तिचाही पत्ता तेच बुटीक.

मंगळवारी सत्यदेवने रेघ काढून तिच्या जागी स्वल्पविराम ठेवला. मला वाटलं, सुटलो. पण लोकांच्या पत्त्यांत स्वल्पविराम मोजता येणार नाहीत इतके निघाले. लॉंग माउंटनच्या एका आजोबांनी तर देवळापासून आपल्या दारापर्यंतची सगळी वळणं लिहिली होती, प्रत्येक वळणाला एक. मशीनने त्यांची सात माणसं केली. मग सत्यदेवने अधिकचं चिन्ह ठेवलं. ते कोण लिहितं? लिहीत होते. ख्रिस्ती विधवांनी नवऱ्याच्या नावाआधी क्रूस काढला होता, गेलेल्या माणसाला इथे तसा काढतात. बुधवारी सकाळी त्याने तारा ठेवला आणि दहा वाजेपर्यंत एका बाईच्या फॉर्मावर तारा सापडला. कशासाठी काढला होता तिचं तिला माहीत.

दुपारी जेवायला बसलो तेव्हा सत्यदेव अगदी खचला होता. हातात फराता, इकडचा पराठा, होता, पण तो खात नव्हता. क्रेओलमध्ये बोलत राहिला. कोणतंही चिन्ह ठेवा, कुणीतरी ते लिहिणारच. लोकांना बंदी घालता येत नाही, त्यांचं लिहिणं बदलता येत नाही. शेवटी तो मोडक्या मराठीत म्हणाला, "तांतीन, मशीनला कसा कळेल, कोनती रेघ माझी, कोनती त्यांची?"

तांतीन म्हणजे मावशी-काकी, जी कोणी मोठी बाई असेल ती. दीदींनी घास खाली ठेवला. आणि त्यांना हसू यायला लागलं. सोमवारपासून पहिल्यांदा.

"हे आमच्या बाबांचं झालं होतं," त्या म्हणाल्या.

त्यांचे वडील नंदलाल दिवसा उसाच्या शेतात काम करायचे आणि गणपतीत झाकरीचे म्होरके असायचे. झाकरी म्हणजे ढोलकीवर गोल धरून नाचणं. म्होरका मध्ये उभा राहून गातो, आणि त्याने "थांब" म्हटलं की सगळा गोल जागच्या जागी थांबतो, मग नवीन चाल सुरू होते. एका वर्षी बाबांनी स्वतः गाणं रचलं. राधा वाटेत कृष्णाला अडवते. गाण्याची पहिलीच ओळ, "थांब रे कान्हा, वाट ही माझी." बाबांनी सूर लावला, "थांब" म्हटलं, आणि ढोलकी बंद. सगळा गोल एक पाय वर करून उभा. बाबा एकटेच पुढं गात राहिले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा बायका हसून हसून भिंतीला टेकल्या.

लोक म्हणाले, नंदलाल, शब्द बदल. बाबांनी मान हलवली. राधा जे बोलली ते बोलली, म्हणाले, मी कोण तिच्या तोंडचं काढणारा? त्यांनी आईच्या हातात टाळ दिला. गाण्यातला "थांब" यायच्या आधी तिने एक ठोका द्यायचा. ठोक्यानंतरचा शब्द राधेचा, नाचत राहायचं. ठोका नसला तर शब्द म्होरक्याचा, थांबायचं. मग कुणीतरी शहाण्याने विचारलं, की गाण्यातच टाळाचा ठोका आला तर? बाबा म्हणाले, दोन ठोके. म्हणजे टाळसुद्धा गाण्यातलाच.

सत्यदेव ऐकता ऐकता उभा राहिला होता. "आन्कोर," तो म्हणाला, म्हणजे पुन्हा सांगा. दीदींनी पुन्हा सांगितलं. या वेळी टेबलावर चमचा वाजवून सांगितलं. तो फराता तसाच टाकून कॉम्प्युटरकडे धावला. मी तो खाल्ला, वाया कशाला घालवायचा.

कीबोर्डच्या कोपऱ्यात एक कळ होती, उलटी तिरपी रेघ. तिला आम्ही कधी हात लावला नव्हता. सत्यदेवने तिला टाळ केलं. जिच्याआधी टाळ ती रेघ लोकांची, तिला हात लावायचा नाही. नुसती रेघ ती आमची. आणि कुणी टाळच लिहिला, तर दोन टाळ. संध्याकाळी तो आम्हाला शिकवायला लागला की टाइप करताना प्रत्येक वेळी आधी टाळ द्यायचा.

दीदी म्हणाल्या, नाही. आम्ही विसरणार. आईसुद्धा एकदा लग्नात विसरली होती, नवरदेवाचा मामा पाय वर करून उभा राहिला होता. ठोका मशीननेच द्यायचा. आम्ही फॉर्मावर आहे तसं टाइप करू, ते आत घेताना मशीनने स्वतः लोकांच्या प्रत्येक रेघेआधी टाळ ठेवावा. सत्यदेवने त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, हा आता पाया पडतोय. त्याने गुरुवारी सकाळी तसं केलं. आता मशीन एकेक गोष्ट वेगळी विचारायचं. नाव? वय? पत्ता? डोळा? आम्ही उत्तर द्यायचो आणि टाळ वाजवायचं काम त्याचं.

पहिलं पत्र छापून निघालं तेव्हा आम्ही तिघं कागदावर वाकलो होतो. पत्ता पूर्ण होता. मिस्ये लीचं बुटीक होतं, शमें ग्रेनिए होतं. फक्त रेघेच्या आधी ती उलटी रेघसुद्धा छापली होती. सत्यदेव म्हणाला, चालेल, पोस्टमनला समजेल.

"टाळ नाचणाऱ्यांसाठी असतो," दीदी म्हणाल्या. "लोकांना पत्र द्यायचं तर त्यांनी लिहिलं होतं तसं द्या."

म्हणून त्याने बाहेर पडताना टाळ उतरवून घ्यायचीही सोय केली. आत येताना ठेवायचा, बाहेर जाताना काढायचा. गुरुवारचा उरलेला दिवस आणि शुक्रवारची सकाळ आम्ही टाइप करत होतो, दोघी आळीपाळीने, फक्त ती एकसष्ट नाही तर स्वल्पविरामवाले, क्रूसवाले, तारावाली बाई, सगळे. वळणवाले आजोबा अखेर एकच माणूस झाले. बाराला वीस मिनिटं असताना यादी छापून निघाली. राधाकृष्णबाबूंनी ती चष्मा वर-खाली करत तपासली, प्रत्येक नाव फॉर्माशी ताडून. एक टिंबही बदललेलं नव्हतं. मग त्यांनी स्वतः खाली जाऊन तिघांसाठी गातो पिमाँ आणले, गरमगरम. अध्यक्षांनी आमच्यासाठी भजी आणल्याची मंडळाच्या इतिहासात दुसरी नोंद नाही.

कुंती नंदलाल यांना मशीनने चौदा ऑगस्ट, बुधवार दिला. पुष्पावतीला त्याच्या दुसऱ्या दिवशीचा.

पत्र बुटीकात पोहोचलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, मी दीदींबरोबर शमें ग्रेनिएला गेले होते. मिस्ये ली पाकीट हातात घेऊन बुटीकाच्या पायरीवर उभाच होता. गिऱ्हाइकं आत ताटकळत होती, पण त्याला कोणाची पर्वा नव्हती. तो आमच्यापुढे चालत घरापर्यंत आला आणि त्याने पाकीट म्हातारीच्या हातात दिलं. तिने ते उघडलं नाही. आधी दोन्ही बाजूंनी चाचपलं.

"ह्यात माजं नाव हाय का गो?" तिने विचारलं.

दीदींनी तिचं बोट धरून नावावर ठेवलं.

"आन् बुटीकाचं?"

"तेपण हाय, आये. रेघेसकट."

म्हातारीने ते पाकीट पोटाशी धरलं. आपलं पत्र इतके दिवस का आलं नाही, हे तिने विचारलंच नाही. तिला वाटत होतं की आपल्यासारख्यांना पत्रं उशिरानेच येतात. मला त्या क्षणी फार वाईट वाटलं, आणि लगेच फार आनंद झाला, कारण या वेळी ते आलं होतं.

ऑपरेशननंतर पट्टी काढली तेव्हा मी खोलीत होते. म्हातारीने डोळे मिचकावले, पाणी पुसू दिलं, आणि मग बराच वेळ मुलीकडे बघत राहिली.

"केस पिकले तुजे," ती म्हणाली. "मला कोनी बोललं न्हाय."

दीदी हसल्या आणि रडल्या. माझंही तेच झालं. म्हातारीचा पुढचा प्रश्न होता, पुष्पावतीचं कधी?

सप्टेंबरात गणपती आले. नंदलालबाबांना जाऊन आठ वर्षं झाली होती. तेव्हापासून राधेचं गाणं कोणी म्हटलं नव्हतं, कारण म्हातारीखेरीज पुरतं कोणाला येत नव्हतं आणि टाळाचा नियम तरुण पोरांना माहीत नव्हता. या वर्षी म्हातारी म्हणाली, मी म्हणते. काळा चष्मा लावून ती अंगणात गोलाच्या मध्ये खुर्चीवर बसली, नवऱ्याच्या जागी. टाळ शेजारी बसलेल्या दीदींच्या हातात दिला. पोरांना दीदींनी क्रेओलमध्ये बजावलं, टाळ वाजला तर पा आरेते, थांबायचं नाही. सगळ्यांनी मान डोलावली. सत्यदेव खास फिनिक्सहून आला होता आणि गोलात घुसला होता. त्याने सर्वांत जोरात मान डोलावली.

ढोलकी सुरू झाली. म्हातारीचा आवाज पातळ झाला होता, पण सुरात होता. दीदींनी ठोका दिला, म्हातारीने "थांब रे कान्हा" म्हटलं, आणि अख्खा गोल नाचत पुढं गेला. एकटा सत्यदेव एक पाय वर करून उभा राहिला. मागून येणारी पुष्पावती त्याच्यावर आदळली. तिच्या डोळ्यांना जेमतेम महिना झाला होता, पण त्याला दोष देण्याइतकं तिला स्पष्ट दिसत होतं. बायका हसून हसून भिंतीला टेकल्या.

गाणं पाच कडव्यांचं होतं, आणि प्रत्येक कडव्यात राधा कृष्णाला थांबवत होती. प्रत्येक वेळी ठोका बरोबर पडला. दुसऱ्या कडव्यापासून सत्यदेवही चुकला नाही. म्हातारी गाता गाता एकेकाचा चेहरा बघत होती. आवाजावरून ओळखीची असलेली, पण सहा वर्षांत वाढून पुरी झालेली माणसं. मिस्ये ली बुटीक बंद करून कुंपणापाशी उभा होता. तिने त्यालाही पाहिलं.

शेवटचं कडवं संपलं. ढोलकी चालूच होती, पावलं चालूच होती, आणि सगळे म्हातारीकडे बघत होते. दीदींनी टाळ मांडीवर ठेवला.

"थांब," कुंतीआई म्हणाली. अगदी हळू म्हणाली.

सगळं अंगण थांबलं.